बहिणीसाठी उतरवलेले बारा किलो

नागपूरच्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट एकेक करून उलटले आणि म्हणाले, "तुमच्या दोन्ही किडन्या उत्तम आहेत. अडचण बाकीच्या शरीराची आहे."

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. अमरावतीच्या एका शाळेत तेवीस वर्षं पोरापोरींना मैदानावर पळवत आलोय. तरुणपणी विद्यापीठाकडून कबड्डी खेळलो. मांडी पकडली की समोरचा सुटायचा नाही, अशी माझी ख्याती होती. ती ख्याती मी इतकी वर्षं वापरली, की मांडीच्या वर काय साठत गेलं तिकडे लक्षच गेलं नाही. मागच्या सात-आठ वर्षांत तर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून शिट्टी वाजवायची, एवढाच माझा व्यायाम उरला होता. तरी 'तुमचं काम काय' असं कुणी विचारलं की मी छाती पुढे काढून सांगायचो. प्रत्यक्षात पुढे यायचं ते पोट.

वजन चौऱ्याण्णव किलो, साखर काठावर, लिव्हरवर चरबी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की असल्या अंगावर भूल देऊन किडनी काढणं धोक्याचं, आणि समजा काढली, तर उद्या साखर वाढून उरलेली एक किडनीही खराब व्हायची. निदान बारा किलो उतरवून या, साखर जागेवर आणा, मग पुढचं बोलू. सहा-सात महिने लागतील म्हणाले. मी म्हणालो, चार महिन्यांत येतो. ते फक्त हसले.

किडनी हवी होती माझ्या ताईला. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जायची तेव्हा मला ताईनेच कडेवर वागवलं, शाळेत नेऊन बसवलं, आणि पोरांनी मारलं तर त्यांच्या घरी जाऊन भांडली. लग्न होऊन ती अकोल्याला गेली. सासरची शेती दर्यापूरच्या बाजूला, घर अकोल्यात. बरीच वर्षं तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं होतं आणि बरीच वर्षं ती गोळ्या घ्यायला विसरत होती. शेवटी किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला बांधून घ्यायचं, मधल्या दिवशी अंथरुणात पडायचं, असं तिचं चालू झालं. भाऊजींना साखरेचा आजार, म्हणून त्यांची किडनी चालणार नव्हती. मुलगी पहिलटकरीण, सातवा महिना. रक्तगट जुळणारा आणि निरोगी समजला जाणारा माणूस म्हणजे मी.

"माझी घ्या," असं मी अकोल्याच्या त्या दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणालो. सगळे गप्प झाले. ती शांतता मला आवडली, हे आज कबूल करतो. ताई मात्र नको म्हणाली. पण तिचं ऐकायची मला लहानपणापासून सवय नव्हती. अमरावतीला परत आल्यावर मी घरात ते जाहीर केलं. बायको भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. तिच्या गप्प राहण्याला मी होकार समजलो.

संक्रांत झाल्याबरोबर मी कामाला लागलो. मला वाटलं, इतरांना जमत नसेल, आपण तर खेळाडू. पहाटे उठून छत्री तलावाच्या रस्त्याला पळायला निघालो, विसाव्या वर्षी पळायचो तसा. खाणंही जवळजवळ बंद. सकाळी चहा, दुपारी काकडी, संध्याकाळी एक सफरचंद. दोन आठवड्यांत चार किलो उतरले. मी नागपूरच्या डॉक्टरांना मनातल्या मनात दोन-चार गोष्टी सुनावल्या. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. मी घरी बसलो, आणि बसल्यावर जी भूक लागली तिच्यापुढे माझं काही चाललं नाही. महिनाभरात काटा पुन्हा चौऱ्याण्णववर.

तेव्हा कुठे मी आहारतज्ज्ञाकडे गेलो. केबिनमध्ये शिरलो तर समोर माझीच विद्यार्थिनी. तिच्या अब्बांचं इतवाऱ्यात कापडाचं दुकान होतं. आठवीत असताना दर आठवड्याला पोट दुखतं असं सांगून ती मैदानातून सुटका करून घ्यायची, आणि मी तिला सगळ्यांदेखत चार चकरा मारायला लावल्या होत्या. तिने मला लगेच ओळखलं. काट्यावर उभं केलं, पोटाभोवती टेप धरला, मग कालचा दिवस आठवून सांगा म्हणाली. सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात गेलं ते.

मी उपाशी राहण्याआधीचा एक साधा दिवस सांगितला. सकाळी तर्री घातलेले पोहे. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये दोन आलूबोंडे. दुपारी चार पोळ्या, भाजी, वर भात. शाळा सुटल्यावर मित्रांसोबत गिला वडा, त्यावर दही आणि ती गोड चटणी. रात्री पुन्हा जेवण. दिवसातून पाच-सहा चहा. बोलता बोलता माझा आवाज आपोआप खाली आला.

तिने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "सर, तुम्हाला चरबी घालवायची आहे की स्वतःला शिक्षा द्यायची आहे?"

मग तिने मला वर्गात समजावतात तसं समजावलं. उपाशी राहिलं की आधी पाणी जातं, मग स्नायू झिजतात, चरबी मात्र चिकटून बसते. स्नायू गेले की भूक तेवढीच आणि खर्च कमी, म्हणून वजन परत येतं. ताटात अर्धी जागा भाजी आणि कोशिंबिरीची. एक ज्वारीची भाकर, फार तर दीड. वरण किंवा मोड आलेली उसळ रोज, सकाळी एक उकडलेलं अंडं, दुपारी वाटीभर दही. मी बाजारातून प्रोटीनच्या पावडरीचा डबा आणला होता, तो परत करायला लावला. तेल चमच्याने मोजून. गुडघा बरा होईपर्यंत पळणं बंद, सपाट रस्त्यावर चालायचं. आणि स्नायू राखायला आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवर बसत-उठत बैठका, भिंतीला हात टेकून दंड.

भिंतीला टेकून दंड. जमिनीवर शंभर दंड काढणाऱ्या माणसाला. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण चार चकरांचा हिशेब चुकता झाला असणार, असं मला वाटलं.

मी तिचं ऐकलं. ऐकायचं ठरवल्यावर मी पक्का माणूस आहे. रोज पहाटे तासभर चालणं, दर रविवारी सकाळी एकाच वेळी वजन. गुडघ्याची सूज उतरली. भिंतीवरचे दंड टेबलावर आले, टेबलावरून पायरीवर. स्टाफरूममध्ये आलूबोंड्याची पुडी सुटली की मी माझे फुटाणे काढायचो. सुरुवातीला सगळे हसायचे, मग एकेक जण माझ्याच पुडीत हात घालायला लागला. फेब्रुवारीत दोन किलो गेले, मार्चअखेर आणखी तीन. पॅंट कमरेवरून घसरायला लागली तेव्हा मी मुद्दाम पट्टा न लावता शाळेत गेलो, आणि दिवसभर एका हाताने ती सावरत हिंडलो. कुणीतरी विचारावं एवढाच हेतू.

रविवारी वजन करून मी बडनेऱ्याहून गाडी पकडायचो आणि ताईकडे जायचो. तिचा पथ्याचा स्वयंपाक वेगळाच. भाज्या उकळून त्यांचं पाणी फेकून द्यायचं, मीठ नावाला, टमाटा नाही, संत्रं नाही. आमच्या भागात राहून संत्रं नाही. पाणीसुद्धा दिवसाचं ठरवून दिलेलं. माझं पथ्य कळल्यावर तिला फार गंमत वाटली. भाऊजी एकटे तेलाचं वांगं खात बसायचे आणि आम्ही दोघं आपापली ताटं घेऊन त्यांच्याकडे बघत. "तुले तेल नाई, मले पानी नाई," ताई म्हणाली, "मायनं आपल्याले असं कधी उपाशी ठेवलं नवतं."

एप्रिलमध्ये काटा अडकला. एकोणनव्वद. पुढच्या रविवारी एकोणनव्वद, त्याच्या पुढच्याही. लग्नसराई होती, पण मी पंगतीत कोशिंबीर आणि मठ्ठा घेऊन उठत होतो. लोक बाजूला नेऊन विचारायचे, सर, शुगर लागली काय. आमरसाच्या दिवसांत मी आंब्याची एक फोड खाऊन थांबत होतो. चालणं दीड तासावर नेलं. पाच आठवडे झाले, काटा हलेना. ताईचा चेहरा काळवंडत चालला होता आणि मी रविवारी तिला आकडा सांगायचं टाळायला लागलो.

विद्यार्थिनीने माझी वही दोनदा तपासली. मग विचारलं, "सर, हे तुम्ही जेवता ते झालं. रांधतं कोण? महिन्याला तेल किती संपतं घरात?" मला माहीत नव्हतं. घरातलं तेल कधी संपतं आणि कधी येतं, हे पन्नाशीला आलेल्या मला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी मी पहाटे चालायला निघालो आणि पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आलो. मे महिन्यात बाटलीशिवाय आमच्याकडे कुणी बाहेर पडत नाही. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. बायको माझ्या भाकरीचं पीठ भिजवत होती, आणि त्या पिठात तेल घालत होती. चमच्याने नाही, सरळ कॅनमधून. शेजारी माझ्या दह्याचं भांडं होतं आणि त्यात साय फेटलेली दिसली. गॅसवर वरणाची फोडणी होती. त्यावर तेलाचा असा थर, की खालचं वरण दिसत नव्हतं. ते सगळं नंतर घोटून एकजीव होणार आणि मला खमंग लागणार, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

तिने मला पाहिलं. कॅन खाली ठेवला नाही.

मी चिडून विचारलं, हे काय चाललंय. तिने आधी गॅस बंद केला. आमच्या सव्वीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर कधी ओरडली नाही, तेव्हाही ओरडली नाही.

"तुमी मले इचारलं काय?" ती म्हणाली. "ताईच्या घरी सगळ्याइले सांगतलं. डॉक्टरले इचारलं, त्या पोरीले इचारलं. मले नुसतं कळवलं. पाच किलो गेले तवा म्या तेल वाढवलं. मले वाटलं, पुढं वजन उतरलंच नाई तर डॉक्टरच नाई म्हनतीन. मंग मले वाईट व्हा लागनार नाई."

मी म्हणालो, ताई मरून जाईल. ती म्हणाली, "अन् तुमाले काई झालं तर?"

मी चालायला गेलो आणि त्या दिवशी किती चाललो ते आठवत नाही. पहिला तास मी तिच्यावर संतापलेला होतो. दुसऱ्या तासात मला ती भाकरी थापणारी पाठमोरी आठवायला लागली. जानेवारीत मी दारात उभा राहून बोललो होतो, चप्पलही काढली नव्हती. माझ्या पोटातून काहीतरी कायमचं काढून देण्याची गोष्ट, आणि ती मी बदलीची ऑर्डर आल्यासारखी सांगून टाकली होती. किडनी माझी होती हे खरं. पण मला काही झालं असतं तर माझं करणार कोण होतं?

घरी येऊन मी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. चार महिने उशिरा विचारलं. ती लगेच हो किंवा नाही म्हणाली नाही. मला एकदा ताईजवळ बसू द्या, म्हणाली. मशीन चालू असते तेव्हा.

मंगळवारी आम्ही दोघं अकोल्याला गेलो. बायकोने ताईला सणावाराला पाहिलं होतं, घरी आजारी पडलेलं पाहिलं होतं, पण हातात त्या दोन जाड सुया आणि नळीतून फिरणारं रक्त तिने पाहिलं नव्हतं. ती चार तास ताईच्या खाटेशी स्टुलावर बसली. भाऊजी आणि मी बाहेर बाकावर. आत काय बोलणं झालं ते ताईने मला नंतर तुकड्या-तुकड्याने सांगितलं. बायकोने तेलाची सगळी गोष्ट तिला सांगून टाकली होती. ताई इतकी हसली, की नर्स मशीन बघायला धावत आली. मग ताई तिला म्हणाली, "तुया नवऱ्याले म्या कडेवर वागवलं, पन आता तो तुया हाये. तू नाई म्हटलं तर मी मशीनवर राहीन, अन् तुले कधी बोल लावनार नाई. फक्त मले खरं सांग."

परतीच्या गाडीत बायको खिडकीबाहेर बघत होती. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, त्या पोरीकडे उद्या मी येते.

ती एका पानावर प्रश्न लिहून घेऊन आली होती. एका किडनीवर माणूस काम करतो का. जड उचलता येतं का. वीस वर्षांनी काय. साखर वाढली तर काय. माझ्या विद्यार्थिनीने तिला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, आणि बाकीचं आपल्याला सांगता येणार नाही असंही सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी काहीही लपवलं नाही. धोका थोडा आहे, शून्य नाही, आणि तो धोका कमी ठेवणं यापुढे तुमच्या घरच्या ताटावर आहे, असं ते म्हणाले. बायकोने ते वाक्य पानाच्या खाली लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आता माया हातानं उतरवते."

तिच्यापुढे मी आणि माझी विद्यार्थिनी दोघंही ढिले होतो. तेलाचा कॅन वरच्या फळीवर गेला आणि सकाळी दिवसभराचं तेल वाटीत मोजून खाली यायला लागलं. वांगं तळायचं बंद, निखाऱ्यावर भाजून भरीत. अंबाडीची भाजी तेलावाचून इतकी चांगली लागते, हे मला त्या वर्षी कळलं. फरसाणाचा डबा धुऊन त्यात तिने जवस भरून ठेवले. संध्याकाळी ती स्वतः माझ्याबरोबर चालायला यायला लागली, आणि चालता चालता आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्नानंतर पहिल्या वर्षातही बोललो नसू.

काटा हलला. जूनमध्ये सत्त्याऐंशी, जुलैअखेर चौऱ्याऐंशी. शाळा उघडल्यावर मी सातवीच्या पोरांसोबत जमिनीवर वीस दंड काढले. पोरं मोजत होती आणि मला थांबावंसं वाटत नव्हतं. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी ब्याऐंशी. साखर जागेवर आली, सोनोग्राफीत लिव्हर स्वच्छ. चार महिन्यांत येतो म्हणालो होतो, सात लागले. नागपूरच्या डॉक्टरांनी नवे रिपोर्ट पाहिले आणि या वेळी आधी माझ्याशी हात मिळवला.

ऑपरेशनच्या आधी तिथे घरच्यांनाही समोर बसवून विचारतात, कुणाचा दबाव आहे का. बायकोला विचारलं तेव्हा मी शेजारीच होतो. ती म्हणाली, "दबाव नाई. आधी मी भेत होती. आता सगळं इचारून झालं, म्हनून आली." तिने सहीसुद्धा सावकाश, पूर्ण नावाने केली.

सप्टेंबरात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा कुशीत दुखत होतं आणि बायको पायाशी बसली होती. ताईला बाहेर आणलं, किडनी चालू झाली, एवढं तिने सांगितलं आणि मग डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवशी मला उभं केलं. इतर दात्यांना जड जातं तिथे मी व्हरांड्याची टोकं गाठून आलो. पायांत बळ होतं, ते सात महिन्यांचं होतं. काचेतून ताई दिसली. तोंडाला मास्क, पण चेहऱ्यावरचा तो मातकट रंग गेलेला. तिने आतून हात केला आणि जेवला का, अशी खूण केली.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. ताईला गोळ्या जन्मभर आहेत, आणि या वेळी ती एकही विसरत नाही. माझं वजन त्र्याऐंशीच्या आसपास असतं. दिवाळीत दोन वाढले होते, होळीपर्यंत उतरवले. एकदा जमलं की पुन्हा जमतं, याची मला खात्री आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं पातूरला गेलो. गावाजवळ टेकडीत कोरलेली जुनी लेणी आहेत, तिथे. चढ फारसा नाही, पण ताई दोन वर्षांत घराच्या जिन्यापलीकडे काही चढली नव्हती. ती आणि बायको पुढे, मी आणि भाऊजी मागे. मध्ये एकदा ताई थांबली. मी पुढे धावणार तेवढ्यात बायकोने मागे हात करून मला थांबवलं. ताईने दोन श्वास घेतले आणि चालू लागली. वर लेण्याच्या ओट्यावर बसून आम्ही डबे उघडले. बायकोने प्रत्येकाला एक थालीपीठ दिलं, आणि मग मी न मागता माझ्या पानात दुसरं ठेवलं.

"आज चालते," ती म्हणाली.

मी ते सावकाश, लोण्यासकट खाल्लं.